फुकट ते शेजाऱ्याचं!

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात पाऊस वेळेवर येवो न येवो, एका पिकाची रोवणी दर जुलैत हमखास होते. ‘लोकं आळशी झाले जी’ हे ते पीक. त्याला पऱ्हे लागत नाहीत, इटियाडोहचं पाणी लागत नाही, युरियाची रांगही लागत नाही. चहाच्या टपरीवर पेरलं की पानठेल्यावर उगवतं आणि तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कापणीला येतं.

“रोवनीले बाया भेटत नाही. पंधराशे रुपये भेटून रायले ना फुकटचे, कायले येतीन?”

असं म्हणणाऱ्याचा आवाज मोठा असतो आणि सातबारा बहुधा पाच एकरांचा असतो. बाजूला बसलेले गुरुजी मान डोलावतात. त्यांचं लक्ष आठव्या वेतन आयोगाकडे लागलेलं असतं, पण देश फुकट्यांमुळे बुडणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. तिसरा म्हणतो, रेशननं वाट लावली. तो आत्ताच धान्य उचलून आलेला असतो, थैली सायकलला लटकलेली असते.

तर, जरा हिशेब करू.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४मध्ये जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,०००. निवडणुकीत सत्ताधारी २,१०० करू म्हणाले होते. ते वाक्य अजून प्रचारसभेतून घरी परतलेलं नाही, म्हणून १,५००च धरू.

आता त्या मोठ्या आवाजाच्या भाऊंचा हिशेब. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. २०२४-२५च्या खरिपासाठी धानाचा बोनस हेक्टरी २०,००० रुपये, मर्यादा दोन हेक्टर. झाले ४०,०००. पीएम किसानचे ६,०००, वर नमो शेतकरी महासन्मानचे ६,०००. बेरीज ५२,०००. मोटारपंप साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा असेल तर त्याचं बिलही सरकार भरतं, ते या बेरजेत धरलेलं नाही.

पंधराशेनं बाई आळशी होत असेल, तर त्याच सूत्रानं भाऊ तिच्या जवळपास तिप्पट आळशी व्हायला हवेत. पण भाऊ होत नाहीत. त्यांच्या खात्यात जाते ती ‘प्रोत्साहनपर राशी’, बहिणीच्या खात्यात पडते ती खैरात. बँक एक, मॅनेजर एक, पासबुक छापणारं मशीनही एकच आणि दोघांच्याही वेळी बंद.

शेतकऱ्याचा बोनस बंद करा, असं इथे कुणी म्हणत नाहीये. २०२५-२६चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे आणि खत, औषध, ट्रॅक्टर, मजुरी वजा करून त्यात काय उरतं ते धानवाल्याला कुणी शिकवायला नको. केंद्रावर धान मोजायला नेलं की बारदाना नसतो, बारदाना आला की गोदाम भरलेलं असतं, आणि गोदाम रिकामं झालं की मुदत संपलेली असते. असल्या कारभारात हेक्टरी २०,००० घेतले म्हणून कुणी लाजायचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की भाऊनं लाजायचं कारण नसेल तर बहिणीनंच का लाजावं?

आणि ‘काम न करता पैसा’ या आरोपाचं म्हणाल तर या बोनसचीच गोष्ट ऐका. आधी तो क्विंटलवर मिळायचा, ७०० रुपयांपर्यंत गेला होता. मग सरकारच्या लक्षात आलं, की व्यापाऱ्याचं धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढून केंद्रात येतं आणि बोनस घेऊन जातं. म्हणून डिसेंबर २०२२मध्ये पद्धत बदलली आणि बोनस हेक्टरवर आला. आता केंद्रावर नोंदणी हवी; धान विकलं असो की नसो. मोजमाप धानाचं नाही, जमिनीचं. ती जमीन बटईनं किंवा ठेक्यानं कसणाऱ्याच्या हाती यातलं काही लागत नाही, कारण सातबारा मालकाचा. चिखलात उभा राहतो तो एक, बोनस घेतो तो दुसरा, आणि आळशी ठरते तिसऱ्याच घरची बाई.

‘रोवनीले बाया भेटत नाही’ यात खरं किती? थोडं आहे. १,५०० रुपये म्हणजे दिवसाचे ५०. एवढ्यावर कुणाचं घर चालत नाही, पण एखाद्या दिवशी ‘नाही’ म्हणता येतं. पूर्वी बांधीवरून हाक आली की जावंच लागायचं आणि मजुरी किती ते संध्याकाळी कळायचं. आता बाया टोळी करतात, एकरी गुत्ता ठरवतात, पैसे आधी बोलतात आणि मग चिखलात पाय घालतात. सोयाबीन विकताना व्यापाऱ्यानं असंच केलं तर त्याला बाजारभाव म्हणतात. बाईनं केलं की माज.

ही कुरकुर नवी नाही. १९७२च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पैसा उभा केला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून. म्हणजे मुंबईचा कारकून गावच्या मजुराच्या कुदळीसाठी पगारातून पैसे मोजत होता आणि गावचा पाटील म्हणत होता, रोहयोमुळे शेतावर माणूस मिळत नाही. पुढे दिल्लीनं २००५मध्ये कायदा करून हीच कल्पना देशभरासाठी घेतली. पहिल्या टप्प्यात भंडारा जिल्हा होता. डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १००चे १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा बहुतेक राज्यांच्या माथी आला. कायदे बदलले, पंतप्रधान बदलले, योजनांची नावं बदलली. टपरीवरचं वाक्य तेवढं जसंच्या तसं टिकलं. त्याला म्हणतात शाश्वत विकास.

मजुरावरचा अविश्वास मात्र दिवसेंदिवस आधुनिक होत गेला. बोडी खोल करणाऱ्या बाईचा मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो काढायचा. नेटवर्क नसेल तर फोटो नाही, फोटो नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. एवढं करून २०२५-२६चा रोज ३१२ रुपये. आणि २००५च्या कायद्याच्या १७व्या कलमातच होतं, की तिच्या कामाचा हिशेब ग्रामसभेत उघड तपासायचा, सामाजिक अंकेक्षण करायचं. उत्तम! कुणाच्या नावावर किती दिवस भरले, किती पैसे निघाले, सगळं मोठ्यानं वाचा. फक्त एक विचारायचं आहे: भर सभेत मोठ्यानं वाचायचा हिशेब गरिबाचाच का असतो?

हजेरीचा विषय निघालाच आहे तर गावातल्या दुसऱ्या हजेरीकडेही बघू. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यानं मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहावं असा नियम आहे. राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडायचा, मग घरभाडे भत्ता. आता कोण कुठल्या गाडीनं सकाळी किती वाजता येतो आणि कितीला परत जातो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तरी ठराव होतो. एकमतानं होतो. ज्या गावानं त्या साहेबांच्या घरात कधी दिवा लागलेला पाहिला नाही, ते गाव लिहून देतं की साहेब इथेच राहतात. यावर कुणी ‘आळशी झाले’ म्हणत नाही. इथे फोटोही दोनदा काढत नाहीत.

या ठरावाच्या वेळी सभेत किती माणसं होती, हे मात्र विचारू नका.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. वर्षातून चार सभा. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला थेट संविधानात जागा दिली. विधानसभेत आमदार निवडून जातात, ग्रामसभेत प्रत्येक मतदार आपसूक सदस्य. केवढा मान! आणि तो मान सांभाळायला पंधरा टक्के यावेत, एवढीच अपेक्षा. तेही येत नाहीत. मग सभा तहकूब होते. आणि नियम असा गोड, की तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (२०२४पर्यंत हेच ग्रामसेवक होते, पाटी बदलली, दार उघडायची वेळ तीच राहिली), शिपाई आणि सावलीला आलेले दोघं मिळून गावाचं भविष्य मंजूर करतात. सह्यांची वही नंतर घरोघर फिरते. मग ती वही पाहिली तर वाटावं, गावात प्राचीन अथेन्सपेक्षा जास्त लोकशाही आहे.

हीच सभा एका दिवशी मात्र तुडुंब भरते. घरकुलाची यादी वाचायची असते त्या दिवशी. झाडावर, ओट्यावर, शाळेच्या खिडकीत माणसं. किमान १,२०,००० रुपयांचा प्रश्न असतो. “माहा नाव कायले नाही?” हा प्रश्न दहा आवाजांत येतो आणि “त्याचं नाव कायले हाये?” हा शंभर आवाजांत. यादी संपली की अर्धी सभा उठते. त्यानंतरचा विषय असतो वित्त आयोगाच्या निधीचा. पंधराव्या आयोगाच्या काळात, २०२५-२६पर्यंत, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के गावाच्या मर्जीचा. ती मर्जी सांगायला उरतात पुन्हा तेच: सरपंच, अधिकारी, शिपाई आणि सावलीवाले दोघं. नाली कुणाच्या दारापुढून जाते आणि कुणाच्या दारात येऊन थांबते, ते त्या दिवशी ठरतं. ओरड पावसाळ्यात होते.

यादीचं हे वेड गावाला सरकारनंच लावलं. २००२चं दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण आठवतं? १३ प्रश्न, ५२ गुण. जमीन किती, घर कसलं, अंगावर कपड्यांचे जोड किती, दोन वेळ जेवता का, संडास कुठे जाता. कमी गुण पडले तर पास. गावच्या गाव नापास व्हायला धडपडत होतं, आणि ज्यांच्या ओळखी होत्या ते पहिल्या झटक्यात नापास झाले. माडीचा मालक दारिद्र्यरेषेखाली आणि झोपडीतली म्हातारी वर, असे चमत्कार गावोगाव घडले. त्या सर्वेक्षणानं आपल्याला एक गोष्ट पक्की शिकवली: गरीब असणं महत्त्वाचं नाही, यादीत असणं महत्त्वाचं.

तेव्हा निदान यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेली असायची. लोक ती वाचायचे, शिव्या द्यायचे, रात्री फाडायचे. आता पैसा मुंबईहून बटण दाबून थेट खात्यात. मधले दलाल गेले, छान झालं. पण त्यांच्याबरोबर मधलं गावही गेलं. आपल्या गावात किती बहिणी लाडक्या, किती नावडत्या, हे सरपंचालाही मोबाईलवरच्या बातमीत कळतं. मग जुलै २०२५मध्ये सरकार सांगतं, की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र निघाले. आणि बहिणींमध्ये १४,२९८ पुरुष सापडले! मंत्रालयातल्या संगणकाला हे शोधायला वर्ष लागलं. नावं ग्रामसभेत वाचली असती तर मिशीवाली बहीण अर्ध्या मिनिटात सापडली असती, वर टाळ्या पडल्या असत्या.

चूक दुरुस्त करायला सरकारनं काय केलं? सगळ्याच बहिणींना ई-केवायसी लावली. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक हवा. बहीण सरकारची, ओटीपी नवऱ्याचा! ज्यांचे दोन्ही आधार देवाघरी गेले, किंवा नवरा जिवंत असून दुसऱ्या गावी नांदतो, त्या बायांनी सेतू केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या. ओरड झाली तेव्हा मुदत वाढली, वाट निघाली. पण अमकीचा नवरा गेला की पळाला, हे ज्या गावाला अंत्यविधीपासून किंवा त्या रात्रीच्या भांडणापासून माहीत आहे, त्या गावाला कुणी विचारलं नाही.

अर्थात, गावाला विचारलं की न्यायच होतो, अशी भाबडी समजूत कुणी करून घेऊ नये. गावाला सगळं माहीत असतं आणि नेमकं म्हणूनच गाव गप्प असतं. ज्याच्या बांधीत काम करायचं, त्याचं नाव यादीतून कमी करा म्हणून कोणती मजूर बाई उभी राहील? टोलीतल्या विधवेचं नाव ‘चुकून’ राहतं आणि पाटलाच्या वाटणी न झालेल्या तीन पोरांची तीन कुटुंबं होतात, हे ग्रामसभेच्या साक्षीनंच घडत आलंय. पण निदान कुणाला कुणाची चोरी माहीत आहे, हे तिथे सगळ्यांना दिसतं. संगणकात तेही दिसत नाही.

आता गावानं गावाचं सांभाळायचं म्हणजे काय, हे या मुलखाला बाहेरून कुणी शिकवायचं कारण नव्हतं. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या हातचे. पाळ कुणी बांधायची, गाळ कधी काढायचा, पाणी आधी कुणाच्या बांधीत सोडायचं, हे ठरलेलं असे आणि गावाचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असत. त्या व्यवस्थेत मालगुजाराची दादागिरी होती, तिची आरती ओवाळायचं कारण नाही. १९५१मध्ये मालगुजारी गेली ते उत्तमच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावानं सुटकेचा श्वास टाकला: आता पाळ फुटली तर सरकारची, पाणी आलं तर आपलं. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. पुढे महाराष्ट्र आला, जिल्हा परिषद आली, पाटबंधारे आलं. मालक बदलत गेले, गाळ साचत गेला. पोटात अतिक्रमण करून कुणी धान लावलं, ते सगळ्यांना ठाऊक. पण तलावाचा विषय सभेत आला की शंभर आवाजांपैकी एकही निघत नाही. तलावाच्या यादीत कुणाचं नाव नसतं ना!

घरपट्टी, पाणीपट्टीचं तेच. शेकडो रुपयांची मागणी असते, पण “गावात काम तरी काय होते?” म्हणून थकवायची, आणि पट्टी थकल्यामुळे काम होत नाही म्हणून पुन्हा थकवायची. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, हंगामात मात्र वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक लागलं की तिकीट काढून, थंडीत कुडकुडत, पहाटेपर्यंत बसतात. फुकट पास मागत नाहीत. म्हणजे पैसे मोजायची दानत आहे. नाटकवाले पैशाच्या मोबदल्यात नाटक दाखवतात, एवढाच फरक. ग्रामपंचायतही नाटक करते, पण पडदा उघडत नाही.

वाळूचं तर विचारूच नका. वैनगंगा आणि चुलबंद दोन्ही तालुक्यात. २०२५च्या धोरणानं घरकुलवाल्याला पाच ब्रास वाळू मोफत कबूल केली. कागदावर मोफत, नदी हाकेच्या अंतरावर, आणि घरकुलाचं जोतं वाळूची वाट बघत बसलेलं. रात्री टिप्पर भरभरून कुठे जातात, ते रस्त्याकाठच्या प्रत्येक घराला ऐकू येतं. एवढा मोठा फुकटचा माल रोज गावासमोरून जातो, पण टिप्परवाल्याला कुणी फुकट्या म्हणत नाही. त्याला ‘शेठ’ म्हणतात.

खुद्द लाखांदूरनं तर या सगळ्या कटकटीतून सुटका करून घेतली. गेल्या दशकात ते नगर पंचायत झालं, म्हणजे शहर. सभोवार बांध्या, मध्ये शहर. ग्रामसभा गेली, घरपट्टीचा मालमत्ता कर झाला, पंचाचा नगरसेवक झाला. पूर्वी लोक सभेला येत नव्हते, आता सभाच लोकांकडे येत नाही. प्रश्न मिटला.

उरलेल्या गावांसाठी एक सूचना आहे. पुढच्या ग्रामसभेत फक्त एक विषय घ्या: वाचन. लाडक्या बहिणींची नावं वाचा, जरूर वाचा. त्याच दमात हेक्टरी बोनसवाल्यांची वाचा, रकमेसकट. पीएम किसान, नमो, वीजबिल माफीचे पंप, घरकुल, अंत्योदयची ३५ किलो. मुख्यालयी राहणाऱ्यांचा घरभाडे भत्ता. नालीच्या ठेकेदाराचं बिल, आणि त्याच्याशेजारी नालीची लांबी. थकीत घरपट्टी, मोठ्या आकड्यापासून खाली. सगळं एका आवाजात, एका चालीत, कुणासाठी स्वर न बदलता. वाचून झालं की अध्यक्षांनी विचारावं: फुकट खाणाऱ्यांनी हात वर करा. एकही हात वर आला नाही, तर ‘लोकं आळशी झाले’ हे वाक्य गावाच्या हद्दीत बोलायला बंदी घालावी आणि मोडणाऱ्याकडून घरपट्टी रोखीनं वसूल करावी.

असा ठराव मांडायला माणसं जमणार नाहीत, हे माहीत आहे. जमू नयेत. सभा तहकूब होऊ द्या. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आजवर तिच्या आडून सगळं मंजूर झालं, एकदा हेही होऊ द्या. सावलीला बसलेले ते दोघं पुरेत. एक सूचक, एक अनुमोदक.